तीन नंबरच्या पेटीवरचं कुंकू

कारखान्यात बिजलीवाल्याची आठवण दोनदाच होते. एक, मशीन बंद पडलं की. आणि दुसरं, साहेबाच्या केबिनमधला पंखा कुरकुर करायला लागला की. एरवी तुम्ही आहात की गेलात हेही कोणी विचारत नाही. अशी सव्वीस वर्षं मी काढली, भंडाऱ्याहून तुमसरच्या रस्त्याला लागलं की एक कारखाना होता तिथे. नाव सांगत नाही. कारखाना आता राहिला नाही, पण त्यातली माणसं आहेत.

खाणींना लागणाऱ्या विंचचे गिअरबॉक्स आम्ही बनवायचो. विंच म्हणजे लोखंडी दोर गुंडाळत खाणीतून मालाची ट्रॉली वर ओढणारं यंत्र. त्याचा एखादा बोल्ट सैल राहिला तर भरलेली ट्रॉली उलटी मागे येते, आणि मागे कोण उभं असेल याचा नेम नाही. म्हणून आमच्याकडे बोल्ट आवळणाऱ्या माणसाला मान होता, आणि त्या माणसांत सगळ्यात मोठा मान होता तुलारामभाऊचा.

तुलारामभाऊ करडीचा. गावात तलावाखाली दीड एकर धानाची बांधी, आणि इथे कारखान्यात फिटर. माझ्यापेक्षा पंधरा-सोळा वर्षांनी मोठा. हात लांब, बोलणं कमी, आणि हातात त्याचा तो लांब दांड्याचा पाना. त्या पान्यानं तो बोल्ट आवळायचा आणि शेवटच्या झटक्याला डोळे मिटायचा. "काहून डोळे मिटता हो?" असं मी एकदा विचारलं. "डोळे उघडे ठेवले तं हात आयकत नाही," म्हणाला. सगळे हसले. पण नंतर मापाचा पाना लावून तपासलं की त्याचा बोल्ट अगदी काट्यावर निघायचा. हसणारे गप्प.

त्याच्याकडून मी माझ्या धंद्यातली मुख्य गोष्ट शिकलो, आणि तीच नेमकी वेळेवर विसरलो. ते सांगण्यासाठीच हा सगळा लेखनप्रपंच.

शिकलो ती गोष्ट सत्तरच्या दशकातली. चिखल्याच्या बाजूला एका खाणीत आमचं एक विंच रोज दुपारी बंद पडायचं. मी आणि तुलारामभाऊ दुरुस्तीला गेलो. मी तेव्हा नवाकोरा, खिशाला टेस्टर लावून छाती काढून चालणारा. विंचची बिजलीची पेटी उघडली. आत सगळं चकचकीत, एक स्क्रू सैल नाही. दोन तास मीटर लावून बसलो आणि शेवटी जाहीर केलं की दोष खाणीच्या लायनीत आहे. तेवढा वेळ तुलारामभाऊ विंच चालवणाऱ्या म्हाताऱ्याजवळ बिडी ओढत बसला होता. उठला आणि म्हणाला, "बाबू, पेटीले त्याचं घोंगडं राहते."

झालं होतं असं. वरून पाणी टपकायचं. पेटी भिजू नये म्हणून तो बिचारा म्हातारा स्वतः भिजायचा आणि आपलं घोंगडं पेटीवर टाकायचा. पेटीला वारा लागायचा नाही, ती तापायची, आणि आतला रिले जीव वाचवायला विंच बंद करायचा. आम्ही येणार म्हटलं की म्हातारा घोंगडं काढून, पेटी पुसून ठेवायचा, पाहुणे येणार म्हणून घर आवरावं तसं. मी म्हटलं, तुम्हाला कसं कळलं हो? तुलारामभाऊ म्हणाला, "तू मशीनले इचारून राहिला होता. मी माणसाले इचारलं." मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. पण परतीच्या ट्रकमध्ये मी ते मनात पक्कं केलं.

आता मुख्य गोष्टीवर येतो.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. एका मोठ्या गिऱ्हाइकानं अट घातली: प्रत्येक बोल्ट किती जोरानं आवळला याची छापील नोंद पाहिजे, नोंद नसेल तर माल घेणार नाही. मग आमच्याकडे बोल्ट आवळायची नवी हत्यारं आली. वरून लटकलेली, पिस्तुलासारखी. घोडा दाबला की बोल्ट आवळत जायचा आणि ठरलेला जोर आला की हत्यार आपोआप थांबायचं आणि पेटीवर हिरवा दिवा लागायचा. जोर ठरवणारं डोकं म्हणजे शेजारची राखाडी पेटी, कंट्रोलर. अशी चार ठिकाणं, चार पेट्या, चार माणसं. तीन नंबरवर तुलारामभाऊ.

या चार पेट्यांना एकमेकांशी आणि ऑफिसातल्या छपाईच्या यंत्राशी जोडायचं काम माझं. त्यासाठी प्रत्येक पेटीत पोस्टकार्डाएवढं हिरवं कार्ड बसवायचं. नेटवर्क हा शब्द तेव्हा भंडारा जिल्ह्यात मी सोडून कोणी उच्चारत नसेल. पुण्याला आठ दिवस शिकून आलो होतो ना! आल्यापासून मी चहासुद्धा इंग्रजीत मागायचो असं आमचे लोक म्हणत. अतिशयोक्ती आहे, पण फार नाही.

साध्या भाषेत सांगायचं तर हे काम शाळेतल्या हजेरीसारखं. ऑफिसातलं यंत्र म्हणजे मास्तर. तो एकाच वायरीवरून हाक मारतो: एक नंबर? एक नंबरच्या पेटीत नुकत्याच आवळलेल्या बोल्टची नोंद असेल तर ती सांगते, नसेल तर गप्प राहते. मग दोन नंबर, तीन नंबर, चार, आणि पुन्हा एक. पेटीला आपला नंबर कळावा म्हणून कार्डावर तांदळाच्या दाण्याएवढे पांढरे खटके असतात. पहिला खटका एकाचा, दुसरा दोनाचा, तिसरा चाराचा. जे वर असतील त्यांची बेरीज म्हणजे पेटीचा नंबर. तीन नंबरच्या पेटीचे पहिला आणि दुसरा वर. इतकंच.

पहिल्या दिवशी मास्तरानं कागदावर नुसती प्रश्नचिन्हं छापली. मी पुस्तक उलटंपालटं वाचलं. शेवटी दोन नंबरवरचा शालिक म्हणाला, "भाऊ, तिकडं वेल्डिंग सुरू झालं का तुमचं यंत्र बरळते." माझी वायर मी वेल्डिंगच्या केबलला चिकटून नेली होती, घ्या! ती काढून वेगळ्या लोखंडी पाइपातून नेली, तिचं आवरण नीट जमिनीला जोडलं, आणि कागदावर चारही नंबरांसमोर आकडे पडायला लागले. मॅनेजरसाहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. सुपरवायझरची जागा रिकामी होती, आणि ती थाप मला त्या जागेवरूनच आल्यासारखी वाटली.

तुलारामभाऊला मात्र नवं हत्यार मानवलं नाही. "माह्या हाताले कागद कायले पाहिजे?" हे तो सगळ्यांसमोर बोलला, आणि साहेबांच्या कानावर गेलं. जुना पाना त्यानं परत दिला नाही. तेल लावून, फडक्यात गुंडाळून आपल्या ठिकाणी ठेवला. तरी काम तो नव्या हत्यारानंच करायचा. नाराज होता, पण चुकार नव्हता.

मग दसरा आला. आमच्याकडे त्या दिवशी अख्खा कारखाना धुऊन काढायचे. बिजली बंद, लेथला झेंडूची माळ, पाना-पक्कड-हातोडी पाटावर मांडून हळदकुंकू. मीही मीटरला कुंकू लावायचो. त्या वर्षी लोकांनी आग्रह धरला की नवीन कार्डाचीही पूजा झाली पाहिजे. "पेटीची पूजा केली अन् आतल्या सुनेले बाहेर उभं ठेवलं, असं कसं?" शालिक म्हणाला. कल्पना मलाच आवडली. माझं कार्ड! मी चारही पेट्यांची झाकणं उघडली. थाळी तुलारामभाऊनं धरली. मी करंगळीशेजारचं बोट ओल्या कुंकवात बुडवून प्रत्येक कार्डाच्या कोपऱ्यात एकेक टिळा लावला, झाकणं बंद केली, नारळ फुटला, आपट्याची पानं वाटली, आणि आम्ही आपापल्या घरी गेलो.

सुटीनंतर काम सुरू झालं. दोन दिवसांचा कागद निघाला आणि साहेबांनी मला बोलावलं. तीन नंबरचा रकाना कोरा होता. एकही बोल्ट नाही. दोन नंबरच्या रकान्यात मात्र दुप्पट.

तीन नंबरचे गिअरबॉक्स तपासले. बोल्ट सगळे बरोबर आवळलेले. साहेबांनी हिशेब जुळवला: म्हातारा नव्या हत्याराला हात लावत नाही, जुन्या पान्यानं आवळतो, आणि नोंद यावी म्हणून शालिक त्याच्या वाटचे बोल्ट खोटेच दोनदा मोजून घेतो. जुना पाना ठिकाणावर सापडलाही, तेल लावलेला. दोन दिवसांनी गिऱ्हाइकाचा माणूस तपासणीला येणार होता.

तुलारामभाऊला बोलावलं. तो म्हणाला, "साहेब, मी त्याच मशीननं कसलं. हिरवा दिवा लागला का मंग दुसरा बोल्ट."

"मग नोंद कुठे गेली?"

"ते मले काय मालूम."

साहेब माझ्याकडे वळले. ते वाईट नव्हते, त्यांनी सरळ विचारलं, "तुमच्या कार्डात काही चूक असू शकते का?"

माझ्या आयुष्यात ज्या वाक्याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते ते मी तेव्हा बोललो. म्हणालो, "कार्ड चुकत नाही साहेब. माणूस चुकतो." पुण्याला शिकवणाऱ्यानं हे म्हटलं होतं, आणि मला ते फार भारी वाटलं होतं.

तुलारामभाऊनं माझ्याकडे पाहिलं. संध्याकाळी त्याला कागद मिळाला: खोटं बोलल्याबद्दल आणि हुकूम मोडल्याबद्दल निलंबित का करू नये, याचं उत्तर दोन दिवसांत द्या. बावीस वर्षांच्या नोकरीत त्याला मिळालेला हा पहिला असा कागद. निवृत्तीला वर्षच उरलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्या खोलीच्या दारात उभा. मी वायरी सोलत बसलो होतो, मान वर केली नाही.

"बाबू, रागात नाही आलो," तो म्हणाला. "एक काम कर. शालिकले पाच मिनिटं हात बांधून बसव. मी आठ बोल्ट कसतो. तू तिकडं ऑफिसात कागदापाशी उभा राय. बस, पाहून ये."

"वायर मी तपासली आहे तुलारामभाऊ. ठीक आहे."

"वायरले इचारलं ना? आता मले इचार."

चिखल्याचं ते घोंगडं आठवलं. उठलो. शालिकला हत्यार सोडून बाजूला बसवलं आणि ऑफिसात जाऊन उभा राहिलो. यंत्र खडखडलं. एक ओळ, दोन, तीन. एक आणि चार नंबरच्या सोडल्या तर आठ ओळी छापून आल्या. आठही दोन नंबरसमोर. दोन नंबरवर तर कोणीच नव्हतं!

धावत आलो आणि तीन नंबरची पेटी उघडली. पहिला खटका खाली गेलेला. दुसराच तेवढा वर. पेटी स्वतःला दोन नंबर समजत होती, आणि मास्तरानं दोन नंबर म्हटलं की शालिकच्या पेटीसारखीच आपली नोंद सांगत होती. खाली गेलेल्या त्या खटक्यावर वाळलेलं कुंकू, आणि कुंकवात बोटाच्या बारीक रेषा. थाळी धरलेले हात तुलारामभाऊचे होते. बोट माझं होतं. टिळा लावताना मी खटका दाबला होता. दाण्याएवढा तर खटका. ओल्या बोटाला काय कळणार.

मी खटका वर केला, कार्ड पुसलं, आणि तुलारामभाऊला म्हटलं, "कार्डातच होतं. तुमचं काही चुकलं नाही." तो फक्त म्हणाला, "बरं झालं बाप्पा, निंगालं," आणि कामाला लागला.

आता साहेब. मी जाऊन सांगितलं, खटका दबला होता, तुलारामभाऊचा काही दोष नाही. कागद मागे घ्या.

"कशानं दबला?"

"पूजेत. कुंकू लावताना."

"कार्डाला कुंकू?" साहेबांनी कपाळावर हात मारून घेतला. "अहो, पेटी उघडून कुंकू! आणि पेटी कोणाची, तीन नंबर? तुलारामची?"

"हो," मी म्हणालो.

इथे मला एकच वाक्य बोलायचं होतं. चार शब्दांचं. साहेब पेन उचलत होते, आणि मला सुपरवायझरची खुर्ची दिसत होती. साहेबांनी 'कोणी लावलं' असं विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, अशी समजूत मी पुढे कित्येक महिने स्वतःची घातली. त्यांनी विचारलं नाही. मी बोललो नाही.

निलंबनाचा कागद रद्द झाला. त्याऐवजी तुलारामभाऊच्या फाइलीत एक ताकीद लागली, इंग्रजीत: पूजेच्या वेळी निष्काळजीपणे यंत्राच्या आतल्या भागाला कुंकू लावून नुकसान केले. गिऱ्हाइकाचा माणूस आला, कागद पाहून खूश होऊन गेला. मी सुपरवायझर झालो. शालिक माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहायचा, पण तोंड उघडायचा नाही. का, ते मला पुढे कळलं. पुढच्या दसऱ्याला साहेबांच्या हुकमानं चारही पेट्यांवर प्लास्टिक बांधलं, आणि पूजा हातभर लांबून झाली. "तीन नंबरवाल्यानं कुंकवानं मशीन मारली," ही थट्टा नवीन आलेले लोकही करायचे. तुलारामभाऊ हसायचा. मीही हसायचो, काय सांगू तुम्हाला.

त्या दसऱ्यानंतर थोड्याच दिवसांत त्याच्या निवृत्तीचा दिवस आला. दुपारी कँटीनमध्ये निरोप होता. टेबलावर हार, नारळ, शाल. लोक जमत होते तेवढ्यात मी त्याला हत्यारांच्या खोलीत गाठलं. तो आपला जुना पाना फडक्यात बांधत होता; साहेबांनी तो त्याला घरी न्यायला दिला होता.

"तुलारामभाऊ, ते कुंकू... ते बोट माझं होतं."

त्यानं गाठ मारली. "मले मालूम हाय ना. थाळी माह्याच हातात होती."

"तेव्हाच माहीत होतं?"

"तू पेटी उघडली, तोंड पांढरं झालं तुह्यं. तवाच."

"मग बोलला काहून नाही? शालिकलाही माहीत होतं?"

"शालिकले मीच म्हटलं होतं, चूप राय. बाबू सोताच सांगन म्हटलं." पाना त्यानं बगलेत धरला. "मी वाट पाहून राहिलो होतो बाबू. आज सांगशीन, उद्या सांगशीन. मंग पावसाळा लागला. मंग म्हटलं, जाऊ दे, याले लय जड जाऊन राहिलं."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी तिथेच रडलो, चांगला चाळिशी उलटलेला, दोन लेकरांचा बाप. तो माझ्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला आणि म्हणाला, "चाल, तिकडं हार सुकून राहिला."

कँटीनमध्ये साहेब बोलले. कामाचं मनापासून कौतुक केलं, आणि मग हसत हसत म्हणाले, "आणि तुलारामचं ते कुंकू कसं विसरू!" सगळे हसले. नंतर माझं नाव पुकारलं. मी भाषण लिहून आणलं होतं, दोन पानांचं. ते खिशातच राहिलं. मी म्हणालो, "कुंकू मी लावलं होतं. खटका माझ्या बोटानं दबला. तुलारामभाऊंनी नुसती थाळी धरली होती. मला तेव्हाच माहीत होतं, आणि मी वर्षभर गप्प राहिलो."

कोणी हसलं नाही. शालिक मागून मोठ्यानं म्हणाला, "आता बोलला लेकाचा!"

साहेबांनी ऑफिसातून फाइल मागवली. तिथेच, हार-नारळाच्या टेबलावर, जुनी ताकीद रेघ मारून रद्द केली आणि खाली लिहिलं की दोष तुलारामचा नसून माझा होता. खाली सही. मला नंतर केबिनमध्ये जे ऐकावं लागलं ते मी इथे लिहीत नाही. ते मी ऐकायलाच हवं होतं. खुर्ची राहिली, पण तिच्यात मी नीट टेकून कधी बसलो नाही.

तुलारामभाऊला इंग्रजी येत नव्हतं. त्यानं फाइल माझ्यापुढे सरकवली. "वाचून दाखव." मी वाचलं, मराठीत सांगितलं. त्यानं पुन्हा वाचायला लावलं. पुन्हा वाचलं.

"अन् तुह्यं नाव कुठी लिवलं हाय?"

मी बोट ठेवून दाखवलं. उजव्या हाताचं, करंगळीशेजारचं.

त्यानं वाकून ते नीट पाहिलं, पाना बगलेत घेतला आणि म्हणाला, "बरं. चाल आता, करडीची बस सुटन."